सूचनांचा अनुवाद हाताने तपासावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने असे मत मांडले होते की, कथा-कवितेचा अनुवाद ही कला आहे, परंतु वापराच्या सूचना आणि कृतींची वर्णने यांचा अनुवाद म्हणजे शब्दाला शब्द लावण्याचे काम असून ते यंत्राकडे सोपवावे आणि माणसाने त्यावर नुसती नजर फिरवावी. मी जर्मनमधून इंग्रजीत अनुवाद करून उपजीविका करते, आणि माझ्या कामाचा मोठा भाग अशा सूचनापुस्तिकांचाच असतो. त्या पत्रलेखकांचा साहित्याविषयीचा आदर मला मान्य आहे. मात्र सूचनांविषयी त्यांनी जे लिहिले ते माझ्या अनुभवाला अजिबात धरून नाही, आणि तो अनुभव एका फार लहान वस्तूच्या आधारे सांगावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. ही वस्तू म्हणजे मासे पकडण्यासाठी गळावर बांधलेली कृत्रिम माशी.

गोव्यात गळ टाकणारे पुष्कळ असले तरी हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा नाही, म्हणून थोडे सांगते. फ्लाय-फिशिंगमध्ये गळाला सुंगटे किंवा गांडूळ लावत नाहीत. गळाच्या दांड्याभोवती अतिशय बारीक दोरा गुंडाळत जातात आणि त्या वेढ्यांत पिसे, केस, लोकर, धातूची तार असे काही अडकवून पाण्यावर उतरलेल्या किंवा पाण्याखाली वाढणाऱ्या कीटकाचे रूप उभे करतात. या वस्तूला वजन जवळजवळ नसतेच. वजन असते ते दोरीला, आणि फेकलेली दोरी माशीला आपल्याबरोबर वाहून नेते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील थंड नद्यांत ट्राउट आणि ग्रेलिंग हे मासे अशा माशीवर पकडण्याची परंपरा जुनी आहे, आणि माशी बांधण्याच्या कृती जर्मन भाषेत विपुल लिहिल्या गेल्या आहेत. एका माशीची कृती अर्ध्या पानाची असते, पण त्या अर्ध्या पानात दहा-बारा हालचाली असतात आणि प्रत्येक हालचाल आधीच्या हालचालीवर उभी असते.

अशा बारा माश्यांच्या कृतींची एक पुस्तिका इंग्रजीत आणण्याचे काम काही वर्षांपूर्वी एका संस्थेमार्फत माझ्याकडे आले. काम म्हणण्यापेक्षा दुरुस्ती म्हणावी, कारण अनुवाद यंत्राने आधीच केलेला होता आणि मी तो केवळ सफाईदार करून द्यावा अशी अपेक्षा होती. मसुदा उघडताच पहिल्याच पानावर गळाला कान फुटलेला दिसला. गळाच्या ज्या छिद्रातून दोरी ओवतात त्याला जर्मनमध्ये ‘ओएर’ म्हणतात, आणि कानाला ‘ओर’. लिहिताना दोहोंत फरक असतो तो पहिल्या अक्षरावरच्या दोन टिंबांचा. मूळ पानावरून मजकूर उतरवताना ती टिंबे गळाली होती. इंग्रजीत त्याच छिद्राला डोळा म्हणतात. आपण मराठीत सुईचे नाक म्हणतो, नेढेही म्हणतो. तीन भाषांनी एकाच छिद्रासाठी चेहऱ्यावरचे तीन निरनिराळे अवयव घेतले आहेत, आणि यांतला कोणताही एक दुसऱ्या भाषेत तसाच नेला तर वाचकाला गळाचा कोणता भाग म्हणायचा आहे ते कळणार नाही. त्याच टिंबांपायी पुढे ग्रेलिंग माशाची राख झाली होती, कारण ‘एशे’ हा मासा आणि ‘आशे’ ही राख.

असे शब्द त्या पुस्तिकेत पानोपानी होते. माशीचे डोके शेवटी ‘लाक’ लावून पक्के करायचे असते. जर्मनमध्ये लाक म्हणजे व्हार्निश, आणि इंग्रजीत त्याच अक्षरांचा शब्द उणीव सांगतो. ‘फाउएनग्रास’ हा शब्द फोडला तर मोर आणि गवत असे दोन तुकडे पडतात, म्हणून मसुद्यात मोरगवत नावाची एक वनस्पती अवतरली होती. प्रत्यक्षात ते मोराच्या पिसाऱ्यातल्या पिसाचे सुटे, हिरवट-तांबूस झळाळीचे तंतू असतात. दोरा सुटू नये म्हणून जी साधी गाठ मारतात तिला ‘हाल्बर श्लाग’ म्हणजे शब्दशः अर्धा फटका म्हणतात, त्यामुळे वाचकाला गळाला दोन अर्धे फटके द्यायला सांगितले गेले होते. कोंबड्याच्या मानेच्या पिसांसह असलेल्या कातड्याला ‘बाल्ग’ म्हणतात, आणि हाच शब्द बोलीत व्रात्य पोराला लावतात. फेझंट पक्ष्याच्या शेपटीला कृतीत ‘श्टोस’ म्हटले होते. हा शिकाऱ्यांच्या बोलीतला शब्द, आणि रोजच्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ धक्का असा होतो. शिकारी लोक सशाच्या कानांनाही ‘ल्योफेल’ म्हणजे चमचे म्हणतात. माशी बांधणाऱ्यांची भाषा शिकारी, कोंबड्या पाळणारे आणि विणकाम करणारे यांच्या घरांतून आलेली आहे, आणि साध्या शब्दकोशात तिचा पत्ता सहजी लागत नाही.

रेड टॅग नावाची एक जुनी इंग्रजी माशी आहे. मोरपिसाच्या तंतूंचे अंग, मागे तांबड्या लोकरीचा लहानसा तुरा आणि पुढे तपकिरी कोंबड्याच्या पिसाची झालर, एवढाच तिचा साज. ग्रेलिंग पकडणाऱ्या जर्मन मंडळींची ती आवडती, आणि तिचे इंग्रजी नाव त्यांनी जसेच्या तसे ठेवले आहे. परंतु ‘टॅग’ची अक्षरे जर्मन म्हणून वाचली की ‘टाग’ होते, म्हणजे दिवस. तेव्हा मसुद्यात तिचे नाव लाल दिवस असे झाले होते. इंग्रजीतून जर्मनमध्ये गेलेले नाव पुन्हा इंग्रजीत आणताना हरवावे याचे मला खरोखर वाईट वाटले, कारण नाव हरवले की वाचकाला ती माशी दुकानात मागता येत नाही किंवा दुसऱ्या पुस्तकात शोधता येत नाही.

शब्दाला शब्द नेला की नेहमी चूकच होते असे मात्र मी म्हणणार नाही. कोंबड्याच्या मानेवरच्या लांब पिसाला जर्मनमध्ये ‘हेशेल’ आणि इंग्रजीत हॅकल म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत आणि दोन्ही भाषांत ते जवसाचे तंतू विंचरण्याच्या दातेरी फणीलाही लागतात. येथे शब्द जसाच्या तसा नेणे हेच बरोबर. कोठे नेता येतो आणि कोठे नाही हे समजण्यासाठी ते पीस एकदा दोऱ्याभोवती फिरवून त्याचे केसर फणीच्या दात्यांसारखे उभे राहिलेले पाहावे लागते.

अशा चुका दिसण्यासारख्या असतात आणि जाणती नजर त्या पकडते, हे मी मान्य करते. आकड्यांच्या चुकाही थोड्या काळजीने टळतात: जर्मन मजकुरात दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो तो बदलायचा, ‘१६ चा गळ’ म्हणजे सोळा गळ नव्हेत तर १६ क्रमांकाचा गळ हे ध्यानात ठेवायचे, आणि या क्रमांकांत आकडा वाढला की गळ लहान होतो हे नवख्या वाचकासाठी एकदा लिहून टाकायचे. दोरीच्या टोकाच्या बारीक धाग्याची जाडी जर्मन लेखक मिलिमीटरमध्ये देतात, तर इंग्रजी वाचक ती एक्सच्या मापात मागतो, ०.१५ मिलिमीटरच्या जवळपासचा धागा त्यांच्याकडे ५ एक्स होतो, तेव्हा दोन्ही मापे द्यावीत.

खरी भीती वाटते ती ज्या चुका दिसतच नाहीत त्यांची. पुस्तिकेतल्या एका माशीचे डोके हरणाच्या केसांचे होते. हे केस आतून पोकळ असतात, आणि त्यांच्या जुडीवर दोरा आवळला की ते दुमडून चहूकडे फुलतात. याच गुणामुळे त्यांचे तरंगणारे, टपोरे डोके तयार करता येते. यासाठी जुडी दांड्यावर धरून तिच्यावर आधी दोन सैल वेढे घ्यावे लागतात, आणि ते वेढे जागच्या जागी बसल्यावरच दोरा सरळ खाली ओढावा लागतो. मूळ जर्मन वाक्यात ‘एर्स्ट डान’ असे शब्द होते, आणि त्यांचा अर्थ ‘तेव्हाच, त्याआधी नव्हे’ असा आहे. पण ‘एर्स्ट’ हा शब्द सुटा घेतला तर त्याचा अर्थ पहिला किंवा आधी असा होतो. यंत्राच्या मसुद्यात वाक्य अडखळत आले होते, आणि माझ्या आधी ज्या कोणी ते सफाईदार केले होते त्यांनी इंग्रजीच्या सोयीसाठी क्रम नीट लावून दिला होता: आधी दोरा घट्ट ओढा, मग दोन सैल वेढे घ्या. वाक्य लहान होते, स्वच्छ होते, व्याकरणात कोठेही खोट नव्हती. मी ते वाचले, मला ते आवडले, आणि मी पुढच्या वाक्याकडे गेले.

ती पुस्तिका तशीच छापली गेली असती. ती चूक टळली त्याचे श्रेय माझ्या वाचनाला नाही.

आमचे घर माशेलला आहे. कुंभारजुव्याच्या कालव्याकडे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून जाणारी वाट आहे, आणि मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, भरतीओहोटीच्या वेळी गरी टाकून बसणारे एक वयस्क शेजारी आहेत, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. चोणक आणि तांबोशी या दोन माशांच्या सवयी त्यांच्याइतक्या जाणणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि कोंबड्याचे पांढरे पीस दोऱ्याने गरीला बांधून बांगड्यासाठी वापरण्याची रीत त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. गरीला बांधलेले पीस त्यांच्या हातात पाहून मला सुचले की आपला अनुवाद त्यांना वाचून दाखवावा. इंग्रजी त्यांना फारसे येत नाही, म्हणून मी माझे इंग्रजी वाक्य मनात ठेवून ते जसेच्या तसे, काहीही न वाढवता, मराठीत सांगत गेले, आणि वाइसमध्ये, म्हणजे गळ घट्ट पकडून ठेवणाऱ्या लहान शेगड्यात, धरलेल्या गळावर ते तसे करत गेले. केसांच्या माशीपाशी आल्यावर मी म्हटले, आधी दोरा घट्ट ओढा. त्यांनी ओढला, आणि केसांची जुडी वेढ्याखालून निसटून टेबलभर विखुरली. त्यांनी पुन्हा केले, पुन्हा तेच. मग त्यांनी माझ्याकडे पाहून कोकणीत एवढेच म्हटले, “बाये, हें उरफाटें बरयलां,” म्हणजे हे उलटे लिहिले आहे. मी मूळ जर्मन पान काढले आणि ‘एर्स्ट डान’ पुन्हा वाचले.

त्या दुपारी मला जे कळले ते माझ्या जर्मनच्या शिक्षणात कोणी सांगितले नव्हते, आणि त्याचा दोष मी कोणाला देत नाही. भाषेच्या वर्गात टेबलावर वाइस ठेवलेला नसतो. काका प्रत्येक वाक्यानंतर एकच प्रश्न विचारत होते: दोरा आता कुठे आहे? जर्मन लेखकाला हा प्रश्न पडत नाही, कारण तो स्वतः बांधता बांधता लिहीत असतो आणि दोरा त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत असतो. वाचकाला मात्र दोरा गळाच्या वाकणापाशी आहे की नेढ्यापाशी हे ठाऊक नसेल, तर पुढची सूचना कितीही अचूक असली तरी तिचा उपयोग होत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक टप्प्याच्या शेवटी दोऱ्याची जागा सांगणारे एक लहान वाक्य इंग्रजीत घालते. मूळ मजकुरात ते नसते, म्हणून काही जण त्याला भर घालणे म्हणतील. माझ्या मते तो अनुवादच आहे, कारण लेखकाला जे दिसत होते तेच मी वाचकाला दाखवत असते.

दिशांचेही तसेच. जर्मन कृतीत दोरा ‘पुढे’ न्यावा असे असते आणि पुढे म्हणजे नेढ्याच्या बाजूला हे जाणत्याला माहीत असते, पण नवख्याला गळाचे टोकदार अग्र हीच पुढची बाजू वाटू शकते. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वेढे घ्यावेत असे लिहिले तर कोणत्या बाजूने पाहिल्यावर, हा प्रश्न उरतोच. त्यातच ‘श्पित्से’ हा एकच शब्द जर्मन लेखक पिसाच्या शेंड्यालाही वापरतो आणि गळाच्या अणकुचीलाही. इंग्रजीत पहिल्यासाठी टिप आणि दुसऱ्यासाठी पॉइंट असे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवले नाहीत तर मोराचे तंतू शेंड्याकडून बांधायचे सोडून वाचक गळाच्या अणकुचीपाशी बांधत बसेल. म्हणून स्वच्छ इंग्रजीत ‘नेढ्याकडे’, ‘वाकणाकडे’, ‘तुमच्यापासून दूर’ असे लिहावे. हे शब्द साधे आहेत, लांबलचकही आहेत, पण हाताला ते कळतात.

वाक्यरचनेबाबत मात्र मराठी माणसाला एक बळ जन्मजात मिळालेले आहे, आणि त्याची जाण आपल्याकडे कमी आहे. जर्मन कृतीत असे वाक्य सहज येते: आधी वाकणापाशी बांधून ठेवलेले पीस आता पाच-सहा वेढ्यांनी नेढ्याच्या मागेपर्यंत न्यावे आणि तेथे दोऱ्याने पकडावे. हे वाक्य मी मराठीत लिहिले तेव्हा मला कोठेही ओढाताण करावी लागली नाही, कारण ‘बांधून ठेवलेले पीस’ ही आपली रोजची रचना आहे आणि जर्मनचीही तशीच आहे; क्रियापद शेवटी येण्याचीही आपल्याला सवय आहे. आज्ञा देताना जर्मन लेखक क्रियापदाचे मूळ रूप नुसते ठेवून देतो, ‘दोरा लावणे, शेपूट बांधणे’ अशा थाटात, आणि त्यातला तटस्थ, आदबशीर सूर आपल्या ‘लावावा, बांधावे’ या रूपांत जसाच्या तसा उतरतो. आपल्या जुन्या पाककृती याच रूपांत लिहिलेल्या असत. इंग्रजीला हे जमत नाही. तेथे ते लांब विशेषण मोडून दोन वाक्ये करावी लागतात, पिसाची आठवण आधी करून द्यावी लागते, क्रियापद सुरुवातीला आणावे लागते आणि एका वाक्यात एकच हालचाल ठेवावी लागते. म्हणून मी आता जर्मन वाक्य आधी मनात मराठीत ऐकते, त्यातल्या हालचाली मोजते, आणि मग इंग्रजीत तितकी वाक्ये लिहिते. गोव्यात जी मुले आज जर्मन शिकत आहेत त्यांना मी हे आवर्जून सांगेन की, इंग्रजीतून जर्मनकडे पाहू नका, घरच्या भाषेतून पाहा. तिथली वाट पुष्कळ ठिकाणी अधिक सरळ आहे.

यानंतर जिन्नसांचा प्रश्न येतो, आणि तो केवळ भाषेचा राहत नाही. जर्मन लेखक ‘रे’ या हरणाचे केस आणि ‘हिर्श’ या हरणाचे केस असा भेद करतो, कारण पहिले लहानखुरे रो हरीण आणि दुसरा मोठा लाल हरीण, आणि दोघांच्या केसांची जाडी व फुलण्याची रीत वेगळी. इंग्रजीत दोन्हीसाठी सरसकट हरणाचे केस असे लिहिले तर वाचकाच्या हाती चुकीची पिशवी येते. शिवाय काही जिन्नस असे आहेत की ज्यांच्याबाबत अनुवादकाने गप्प राहू नये असे मला वाटते. साल्मन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या जुन्या दिमाखदार माश्यांत ‘जंगल कॉक’चे पीस मागितलेले असते, मेणासारख्या चकचकीत पिवळसर-पांढऱ्या ठिपक्यांचे हे पीस म्हणजे आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे पीस. ज्याचे पहाटेचे आरवणे गोव्यातल्या मोले, नेत्रावळी, खोतीगाव आणि म्हादईच्या रानात ऐकू येते तोच हा पक्षी, आणि भारताबाहेर तो निसर्गतः कोठेही आढळत नाही. युरोपात पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची पिसे विकत मिळतात, म्हणून तिथल्या लेखकाला काही खुलासा करण्याची गरज वाटत नाही. पण इंग्रजी अनुवाद भारतातही वाचला जातो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेला पक्षी येथे कोणी एका माशीच्या दोन पिसांसाठी मारावा हे मला सहन होणार नाही. मी त्या पानावर संस्थेची परवानगी घेऊन दोन ओळींची टीप घातली आणि पर्याय म्हणून रंगवलेले पीस सुचवले. मोरपिसांबाबतही, गळून पडलेली पिसे आणि मारून काढलेली पिसे यांत कायदा भेद करतो आणि देशाबाहेर ती पाठवता येत नाहीत, एवढे भारतीय वाचकासाठी लिहिणे मला आवश्यक वाटले. दुसरीकडे, भारतीय कोंबड्यांची मानेची पिसे परदेशी माशी बांधणाऱ्यांच्या पेटीत कित्येक पिढ्यांपासून आहेत, आणि कृतीत ‘भारतीय बाल्ग’ असे लिहिलेले आढळले की तो शब्द इंग्रजीत नेताना मला समाधान होते.

कोणत्या इंग्रजीत लिहायचे हेही आधी ठरवावे लागते. पाण्याच्या तळाशी खड्यांचे घरटे करून राहणाऱ्या अळीपासून जो कीटक बनतो त्याला जर्मनमध्ये त्या घरट्यावरून भात्याची माशी म्हणतात. ब्रिटिश गळकरी त्याला सेज म्हणतो आणि अमेरिकन कॅडिस. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच पुस्तिकेत दोन्ही आले तर वाचक त्यांना दोन वेगळे कीटक समजतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्या पत्रलेखकांनी कवितेच्या अनुवादाला जी काळजी लागते असे म्हटले आहे, तीच काळजी या अर्ध्या पानाला लागते, फक्त तिची परीक्षा वेगळ्या जागी होते. कवितेचा अनुवाद फसला तर दोन वाचक त्यावर वाद घालू शकतात. सूचनेचा अनुवाद फसला तर एखादा शाळकरी मुलगा, ज्याने साठवलेल्या पैशांतून वाइस आणि पिसे आणली आहेत, तो टेबलावर विखुरलेल्या केसांकडे पाहतो आणि आपल्याच हातांना दोष देतो. पुस्तिका चुकली असेल असे त्याच्या मनातही येत नाही, कारण छापलेल्या अक्षरावर त्याचा विश्वास असतो. औषधाच्या बाटलीवरच्या, शेतीच्या फवारणीपंपावरच्या, शिलाई यंत्राच्या सूचनांबाबत हेच घडत असेल तर तेथील नुकसान केसांच्या जुडीपुरते राहत नाही, हे वेगळे सांगायला नको.

यंत्राला माझा विरोध नाही. मसुदा करण्याचे कष्ट ते वाचवते आणि मी ते वापरते. परंतु मसुदा वाचून होकार देणाऱ्याने त्या मजकुराप्रमाणे एकदा तरी हात चालवून पाहिला पाहिजे, आणि त्या हाताला तो उद्योग ठाऊक असला पाहिजे. स्वतःला येत नसेल तर येणाऱ्या माणसाला बोलवावे, त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा, आणि त्याने जेथे थांबून प्रश्न विचारला तेथे वाक्यात उणीव आहे असे समजावे. अनुवादाची कामे देणाऱ्या संस्था शब्द मोजून पैसे देतात, आणि या तपासणीसाठी त्यांच्या हिशेबात जागाच नसते. ती जागा त्यांनी करावी अशी माझी विनंती आहे. तसेच गोव्यात जेथे जेथे भाषांतराचे अभ्यासक्रम चालतात तेथील शिक्षकांनी वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना एखादी कृती, मग ती जाळे विणण्याची असो, हळदीच्या पानातल्या पाटोळ्यांची असो किंवा माशी बांधण्याची, दुसऱ्या भाषेत लिहायला सांगावी आणि ती त्या कामातल्या जाणत्याच्या हाती देऊन समोर बसावे. त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही, एक दुपार पुरते.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गळ, गरी, मानस, पागेर, रापण अशा शब्दांना जागा मिळते हे मी कौतुकाने वाचत आले आहे. कालव्यावरच्या, खाडीवरच्या आणि किनाऱ्यावरच्या जुन्या मंडळींकडून गाठींची, दोऱ्यांची आणि आमिषांची नावे जमवून त्या पुरवणीत क्रमाने छापता आली, तर माझ्यासारख्या अनुवादकांचे काम पुष्कळ सोपे होईल. जी गाठ काका माशीच्या डोक्यावर शेवटी मारतात तिला त्यांच्याकडे स्वतःचे नाव आहे. ते मी लिहून घेतले आहे आणि आपण म्हणाल तेव्हा पाठवीन.

कळावे.

आपली नम्र,
एक अनुवादक,
माशेल, गोवा